ओठ थांबले, आवाज पुढे गेला

प्रश्न : लॅपटॉपवर सिनेमा पाहताना सुरुवातीला सगळे ठीक असते, पण तासाभराने संवाद ओठांच्या तीन-साडेतीन सेकंद पुढे धावतात. दुसऱ्या एका सिनेमात आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत किंचित मागे राहतो, तोही फक्त ब्लूटूथ हेडफोन लावला की. लॅपटॉप बिघडला आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : लॅपटॉप बिघडलेला नाही. तुमच्या प्रश्नातच निदान दडलेले आहे. हे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांना एकच औषध चालणार नाही.

आधी सोपा पाहू. ब्लूटूथमधून आवाज पाठवताना तो आधी आक्रसावा लागतो आणि हेडफोनमध्ये पुन्हा उलगडावा लागतो. त्यात साधारण १०० ते २५० मिलिसेकंद जातात. काही प्लेअर हा उशीर जमेस धरतात, काही धरत नाहीत. आवाज थोडा मागे राहिला तर आपण बरेच सोसतो. दूरच्या माणसाचे ओठ आधी दिसतात, शब्द नंतर पोचतात, याची कानाला सवय आहे. आवाज पुढे गेलेला मात्र लगेच खटकतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीनुसार आवाज ४५ मिलिसेकंद पुढे असला तरी फरक जाणवतो, मागे असेल तर १२५ पर्यंत सहसा जाणवत नाही. विंडोजवरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये ‘जे’ कळ एकदा दाबली की आवाज ५० मिलिसेकंद अलीकडे येतो, ‘के’ दाबली की तेवढाच पलीकडे जातो. तुम्ही ‘जे’ तीन-चार वेळा दाबून पाहा.

पहिल्या सिनेमाला या कळांचा उपयोग नाही, कारण तिथे अंतर वाढत जाते. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो. अमेरिकेत १९५३ मध्ये रंगीत टीव्हीचे मानक ठरले, तेव्हा रंगाची माहिती वाहणारी लहर आणि आवाजाची लहर यांच्या संकरातून पडद्यावर नक्षी उमटण्याची भीती होती. ती टाळायला टीव्हीचा वेग हजारात एक भागाने कमी केला. त्यामागोमाग टीव्हीसाठी तयार होणाऱ्या चित्रपटांचा वेगही २४ वरून २३.९७६ झाला. फरक क्षुल्लक दिसतो, पण तासाला ३.६ सेकंद भरतो. तुमचे साडेतीन सेकंद बहुधा इथूनच आले आहेत : चित्र २३.९७६ चे, आवाज २४ च्या प्रतीवरून आणून जोडलेला. युरोपीय टीव्हीच्या २५ चौकटींच्या प्रतीचा आवाज असता, तर हीच तफावत तासाला अडीच मिनिटांच्या आसपास गेली असती.

खात्री करायची असेल तर दहाव्या, साठाव्या आणि शंभराव्या मिनिटाला जवळून टिपलेला संवाद शोधून अंतर मोजा. ते वेळेच्या प्रमाणात वाढत असेल तर एमकेव्हीटूलनिक्स या मोफत प्रोग्राममध्ये फाइल उघडा, चित्राचा ट्रॅक निवडा आणि ‘स्ट्रेच बाय’ या चौकटीत १०००/१००१ लिहा. चित्र कणभर वेगाने धावेल आणि आवाजाला गाठेल. चित्र पुन्हा एन्कोड होत नाही, त्यामुळे दर्जा तसाच राहतो आणि काम काही मिनिटांत उरकते. सबटायटल चित्राशी जुळलेली असतील तर त्यांनाही हेच गुणोत्तर द्या.

चित्र अडखळत असेल आणि आवाज अखंड चालत असेल, तर मात्र लॅपटॉप दमतो आहे. बहुतेक प्लेअर आवाजाच्या घड्याळावर चालतात, कारण आवाज तुटला की कानाला ताबडतोब कळते. चित्र मागे पडले तर चौकटी गाळल्या जातात. प्लेअरच्या सेटिंगमध्ये ‘हार्डवेअर डिकोडिंग’ चालू करा आणि ब्राउझरच्या उघड्या खिडक्या बंद करा.

मोबाइलवर टिपलेल्या घरच्या चित्रफितींचा त्रास निराळा आहे. मोबाइल उजेडानुसार चौकटींचा वेग बदलत राहतो, म्हणून अंतर कधी वाढते, कधी घटते. अशी फाइल हँडब्रेक या प्रोग्राममध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून एकदा बदलून घ्यावी. मूळ फाइल पुसू नका; दुरुस्ती नेहमी प्रतीवर करा.