सूत्र आणि साचा

शाळेतले पुष्कळसे धडे आपण विसरलो. पण ‘तानापिहिनिपाजा’ विसरलेला विद्यार्थी मला अजून भेटलेला नाही. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा हे इंद्रधनुष्याचे सात रंग गुरुजींनी एका शब्दात बांधून दिले आणि ते जन्माची शिदोरी झाले. मूठ वळून महिने मोजायलाही त्यांनीच शिकविले. उंचवट्यावर आलेला महिना एकतीस दिवसांचा, खळग्यातला कमी दिवसांचा. जुलै शेवटच्या उंचवट्यावर संपतो, ऑगस्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. म्हणून दोन्हींचे दिवस सारखेच.

अशा क्लृप्त्यांत मला श्रेष्ठ वाटते ती छंदशास्त्रातील ‘यमाताराजभानसलगा’. जो गण हवा, त्याच्या अक्षरापासून सलग तीन अक्षरे उचलावीत. ‘ज’ गण म्हणजे ‘जभान’ : लघु, गुरू, लघु. ‘स’ गण म्हणजे ‘सलगा’ : लघु, लघु, गुरू. लघु-गुरूंच्या तीन-तीन अक्षरी जुळण्या आठच होतात आणि त्या आठही या दहा अक्षरांत एकेकदाच येतात. येथे सूत्र स्वतःच उदाहरण होते.

परंतु सर्वच सूत्रे अशी चोख नसतात. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे सहावीतल्या बहिणीचा अभ्यास माझ्याकडे. तिला मी ‘कंचेभागुबेव’ घोकून घेतले : कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. परीक्षेत तिला १२ − ५ + ३ हे उदाहरण आले. तिने आधी पाच आणि तीन मिळविले, आठ वजा केले आणि उत्तर लिहिले ४. रडत घरी आली. “दादा, बेरीज आधी असं तूच सांगितलं होतंस ना?” मी निरुत्तर झालो.

आमचे आबा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला आहेत. शिक्षण चौथीपर्यंत. पाळी संपवून आलेले आबा हात धूत म्हणाले, “बारा साचं मांडलं हुतं. पाचात रस वतला. मागनं नवं तीन साचं आलं. आता वतायचं किती ऱ्हायलं?”

बहीण क्षणात म्हणाली, “दहा!”

तेव्हा मला उमगले, की बेरीज आणि वजाबाकी एकाच दर्जाच्या. डावीकडून जी आधी येईल ती आधी करायची. भागाकार-गुणाकारांचेही तसेच. सूत्राने अक्षरांचा क्रम सांगितला, हे मर्म मात्र सांगितले नाही. आणि मीही ते कधी कोणाला विचारले नव्हते.

सूत्र हा साचा आहे. साच्याविना ओतीव काम होत नाही, हे खरे. पण रिकामा साचा म्हणजे काही वस्तू नव्हे. त्यात समजुतीचा रस ओतावाच लागतो. पुढे शिक्षक व्हावे, अशी माझी इच्छा आहे. त्या दिवशी माझा पहिला पाठ झाला, आणि तो आबांनी घेतला.