पंथ अनेक, प्रार्थना एक

मार्च महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी देशोदेशींच्या ख्रिस्ती स्त्रिया एकच प्रार्थना म्हणतात. १९२७ पासून जगभर पाळल्या जाणाऱ्या या प्रार्थनादिनी कॅथॉलिक, प्रॉटेस्टंट हे भेद आड येत नाहीत. दरवर्षी एका देशातील स्त्रिया ही उपासना रचतात आणि आपल्या भूमीचे दुःख सर्वांपुढे ठेवतात.

अशा सहकार्याचा एक धागा आपल्या प्रदेशाशीही जुळलेला आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात आल्या आणि शेकडो निराधार मुलींना त्यांनी पुण्याजवळ केडगाव येथे आश्रय दिला. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडच्या अँग्लिकन पंथात झाला होता. तरी केडगावचे 'मुक्ति' त्यांनी कोणत्याही एका पंथाच्या दावणीस बांधले नाही. तेथे मेथॉडिस्ट पंथाच्या मिनी अब्राम्स त्यांच्या सहकारिणी झाल्या. मुलींना शिक्षण, विणकाम व छापखान्याचे काम मिळाले. दयेबरोबर न्यायही मिळाला.

प्रार्थना ओठांवरून हातांत उतरली की भेद आपोआप मागे पडतात, हे यावरून आम्हांस उमगते. आपल्या पिपलानीत नाना प्रांतांची व धर्मांची कुटुंबे शेजारी नांदतात. शेजाऱ्याच्या अडचणीला त्याची जात वा पंथ न विचारता धावून जाणे, हा या इतिहासाचा धडा आम्ही विद्यार्थ्यांनी गिरवावयास नको काय?