खर्जाच्या सॅक्सोफोनविषयी भाच्यास पत्र

एव्हरशाईन सिटी,
वसई (पूर्व)

चि. भाच्यास, मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. आजवर तू वाजवीत असलेला आल्टो सॅक्सोफोन दुसऱ्याच्या हवाली करून गुरुजींनी तुझ्या खांद्यावर बॅरिटोन चढविला, मागच्या रांगेत बसविले, आणि सुरावट पुढच्यांच्या वाट्यास जाऊन खर्ज तेवढा आपल्या वाट्यास उरला, ही तुझी कैफियत मी लक्षपूर्वक वाचली. तिच्याखाली तू फर्माईश केली आहेस की मामाने आपल्या आवडत्या जॅझ तबकड्यांची आणि बॅरिटोन वाजविणाऱ्या थोर वादकांची यादी धाडावी. यादी मी धाडणार नाही. रसिकतेच्या प्रांतात वारसाहक्क चालत नाही. मामाची पसंती भाच्याच्या नावावर चढविता येत नाही, ती ज्याची त्याने आपल्या कानांनी मिळवावी लागते. यमन एकाच गवयाकडून ऐकणाऱ्यास यमन कळला असे आपण म्हणत नाही. तोच राग ग्वाल्हेरच्या, किराण्याच्या आणि जयपूरच्या गळ्यातून ऐकल्यावर रागाचे काय आणि गाणाऱ्याचे काय, हा निवाडा आपोआप होऊ लागतो. म्हणून तुझ्यासाठी चार माणसांची आणि मोजक्या तबकड्यांची तजवीज केली आहे. वाद्य एकच, प्रकृती चार.

पहिला हॅरी कार्नी. बोस्टनचा हा मुलगा 1927 साली, वयाच्या सतराव्या वर्षी, ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात दाखल झाला आणि 1974 साली एलिंग्टन निवर्तेपर्यंत त्याने ती जागा सोडली नाही; त्यानंतर काही महिन्यांतच तोही गेला. तुला विशेष सांगावयाचे ते हे, की प्रारंभी तोही आल्टो आणि क्लॅरिनेटच वाजवी; बॅरिटोन त्याने मागाहून हाती घेतला. त्या वेळी या वाद्यावर अनुकरण करावे असा आदर्श जवळपास नव्हता. सबब त्याने वरच्या सुरांसाठी टेनर वाजविणारा कोलमन हॉकिन्स आणि खालच्या सुरांसाठी बास सॅक्सोफोन वाजविणारा एड्रियन रोलिनी, असे दोन निराळ्या वाद्यांचे धनी डोळ्यांपुढे ठेविले आणि त्या दोहोंच्या मधला आपला स्वर घडविला. गुरू आपल्याच वाद्याचा असावा लागतो असे नाही, हे त्याच्यापासून घे.

हा कार्नी आपल्या मुंबईतही वाजवून गेला आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने 1963 साली एलिंग्टनचा सबंध वाद्यवृंद पश्चिम आशियात व हिंदुस्थानात पाठविला, त्या दौऱ्यात दिल्ली, मद्रास, कलकत्ता यांबरोबर मुंबईचाही मुक्काम होता. दौरा नोव्हेंबरात केनेडींच्या हत्येमुळे अर्धवट सुटला. पण त्या प्रवासाच्या संस्कारांतून एलिंग्टन आणि बिली स्ट्रेहॉर्न यांनी जी रचनामाला बांधली, ती 'द फार ईस्ट सूट' या नावाने 1967 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात 'आग्रा' नावाचा एक लहानसा तुकडा आहे. ताजमहालाच्या दर्शनातून सुचलेला हा तुकडा एलिंग्टनने ना ट्रम्पेटकडे दिला, ना आल्टोकडे. तो दिला कार्नीच्या बॅरिटोनकडे. संगमरवराची ती शुभ्र वास्तू पाहून त्या जाणत्या रचनाकाराला आपल्या ताफ्यातील सर्वांत जड आणि काळोखा आवाज आठवावा, यात जे मर्म आहे ते तू ऐकूनच जाण. स्वर कोठे सुरू होतो यापेक्षा तो कोठे आणि कसा सोडला जातो, तिकडे कान दे. कार्नीचा खालचा सूर संपतानाही पातळ होत नाही.

त्यानंतर त्याचे 'सोफिस्टिकेटेड लेडी' ऐक, मात्र मैफलीतील ध्वनिमुद्रण ऐक. शेवटी एक स्वर तो इतका वेळ धरून ठेवितो की श्रोते मध्येच टाळ्या वाजवितात. ही किमया मोठ्या छातीची नव्हे. गालांत साठविलेला वारा बाहेर लोटीत असतानाच नाकाने श्वास भरून घेण्याची ती विद्या आहे, आणि आपले सनईवाले ती परंपरेने करीत आले आहेत. तुला ती शिकावयाची असेल तर अमेरिकेकडे पाहण्याचे कारण नाही.

दुसरा जेरी मलिगन. कार्नीकडे भार आहे, तर याच्याकडे प्रसन्न बोलणे आहे. 1952 साली लॉस एंजेलिसच्या हेग नावाच्या लहानशा क्लबात त्याने चेट बेकरच्या ट्रम्पेटसह एक चौकडी जमविली, आणि तिच्यात पियानो ठेविला नाही. स्वरसंवादाचा तो तयार आधार काढून घेतल्यावर बॅरिटोनवर दुहेरी जबाबदारी आली: कधी सुरावट, कधी ट्रम्पेटच्या खालून चालणारी दुसरी ओळ. त्या चौकडीची ध्वनिमुद्रणे ऐकताना ट्रम्पेटकडे लक्ष न देता केवळ ती खालची ओळ गुणगुणण्याचा यत्न कर. मागच्या रांगेत बसून काय काय करण्याची मुभा असते, हे तुला कळेल. रात्रीच्या निवांत वेळेसाठी त्याची 1963 सालची 'नाइट लाइट्स' ठेव. तिच्या शीर्षकरचनेत मलिगन बॅरिटोन बाजूस ठेवून पियानोवर बसला आहे, आणि तरीही ती संपूर्ण तबकडी त्याच्याच स्वभावाची वाटते.

तिसरा पेपर अ‍ॅडम्स, याच्याविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्याची शिफारस करावी लागत नाही. चार्ल्स मिंगसच्या 'ब्लूज अँड रूट्स' या, 1959 साली मुद्रित झालेल्या तबकडीवर 'मोनिन' लाव. आरंभी एकटा बॅरिटोन, खरखरीत व धारदार. मग एकेक वाद्य त्याच्यावर येऊन बसते. मागच्या रांगेची तक्रार ती पहिली काही आवर्तने ऐकून मग कर.

चौथा सर्ज चालॉफ. त्याच्या आईवडिलांचे पियानोवर प्रभुत्व होते, आई तर बोस्टनमध्ये नावाजलेली शिक्षिका. अशा घरच्या या मुलाने एवढ्या अवजड नळीतून कुजबुजीपासून आक्रोशापर्यंत सर्व काही काढून दाखविले. मादक द्रव्याच्या व्यसनाने त्याची उमेदीची वर्षे खाल्ली. त्यातून तो सुटला, 1956 साली 'ब्लू सर्ज' ही अजोड तबकडी केली, आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, कर्करोगाने गेला. अखेरचे ध्वनिमुद्रण त्याने चाकांच्या खुर्चीत बसून केले. कलावंताच्या व्यसनात काही तेज असते अशी समजूत तुझ्या वयाच्या मुलांत पसरविली जाते. ती खोटी आहे. 'ब्लू सर्ज' व्यसनातून आलेली नाही, ती व्यसन सुटल्यानंतरची आहे. हे मी तुला आर्जवाने सांगतो.

आता वाद्याविषयी. बोटे आल्टोचीच, सूर मात्र एक सप्तक खाली. म्हणूनच पोरे त्याला सोपे समजतात आणि पहिल्या खालच्या स्वरावरच अडतात. तेथे जोराने फुंकू नकोस. आधी खालची प्रत्येक गादी भोकावर नीट बसते की नाही ते तपास, कारण एका गादीतून वारा निसटला तर तळचा स्वर उमटतच नाही. वरच्या वळशात पाणी साचते ते वेळच्या वेळी काढीत जा. आणि गळ्यातल्या पट्ट्याऐवजी दोन्ही खांद्यांवर भार घेणारा पट्टा आजच घे, मान दुखावल्यावर नव्हे.

तू वसईचा मुलगा आहेस. पापडी-गिरीजकडील ख्रिस्ती लग्नांचे ब्रास बँड तू लहानपणापासून ऐकलेस. मे महिन्यात येशील तेव्हा वरातीत नवरानवरीच्या पुढे न जाता बँडच्या पाठीमागून चाल आणि खर्जाचे पितळी वाद्य वाजविणाऱ्या गृहस्थाचे पाय पाहा. ताल ढोलावर असतो खरा, पण पुढच्यांचा धीर त्या खर्जावर असतो. तो श्वासासाठी थांबला की ट्रम्पेट कसे उघडे पडतात, हे तुझ्या आता तयार होणाऱ्या कानास सहज उमगेल.

काळा घोड्यावरचे 'ऱ्हिदम हाउस' 2016 साली बंद झाले. तेथून घेतलेल्या माझ्या तबकड्यांपैकी 'द फार ईस्ट सूट' आणि 'ब्लू सर्ज' तुझ्यासाठी वेगळ्या काढून ठेविल्या आहेत. तुझी आई येत्या पंधरवड्यात इकडे येणार आहे, तिच्याबरोबर पाठवितो. आधी कार्नी ऐक, चालॉफची घाई करू नकोस, आणि 'आग्रा'मधला कोणता स्वर तुझ्या वाद्यावर तुला अद्याप धरता येत नाही, ते सविस्तर कळव.

तुझा,
मामा