लेहला पोचल्यावर धाप का लागते?

मुंबईहून विमानाने लेहला जाणारा मनुष्य काही तासांतच सुमारे ३,५०० मीटर उंचीवर पोचतो. तेथील हवेत प्राणवायूचे प्रमाण कमी असते, असे पुष्कळांना वाटते. ते तेथेही २१ टक्केच असते. कमी होतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीवर तो पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर उंचीइतका, तर लेहला सुमारे ५००. त्यामुळे दर श्वासात प्राणवायू कमी मिळतो.

ही उणीव प्रथम कळते ती मानेतील रोहिणीच्या फाट्यापाशी असलेल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या गाठींना. त्या मेंदूला वर्दी देतात. श्वास खोल होतो, नाडी जलद चालते. मग अडचण कोठे? जोराच्या श्वसनाने कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त किंचित अल्कधर्मी होते आणि श्वसनकेंद्र म्हणते, ‘पुरे!’ एक टाच मारतो, दुसरा लगाम खेचतो. पहिल्या काही रात्री झोपेत श्वास वाढतो, मंदावतो, क्षणभर थांबतो, पुन्हा सुरू होतो, तो या ओढाताणीमुळेच. शेजारी झोपलेला मात्र घाबरतो!

तोड काढतात मूत्रपिंडे. ती जादा बायकार्बोनेट लघवीवाटे टाकतात, पण त्याला काही दिवस लागतात. म्हणून आरंभी विश्रांती हवी.

प्राणवायू कमी पडला की फुप्फुसांतील रक्तवाहिन्या आकसतात व त्यांतील दाब वाढतो. १९६२ च्या युद्धात घाईने वर नेलेल्या अनेक जवानांच्या फुप्फुसांत असेच पाणी साचले. बसल्याजागी धाप लागणाऱ्या अशा रुग्णाला प्राणवायू द्यावा आणि विनाविलंब खाली उतरवावे.