गर्भवती स्त्रीचा आहार : कच्चें दूध व ताजें चीज

दूध हें गर्भवती स्त्रीचें उत्तम अन्न होय, याविषयीं कोणासही शंका नाहीं. तथापि तें नीट तापविलेलें नसल्यास त्यापासून तिच्या उदरांतील बालकाच्या जिवास अपाय होऊं शकतो. तो कसा, हें या पाठांत आपण पाहूं.

सन १९८५ मध्यें अमेरिकेंतील लॉस एंजेलिस परगण्यांत ही गोष्ट लोकांस फार दुःखानें शिकावी लागली. तेथील मेक्सिकन कुटुंबांत एक पांढरें, मऊ, ताजें चीज नित्य खाण्यांत असतें; आपल्या पनीराशीं त्याचें पुष्कळ साम्य आहे. त्या वर्षीं जानेवारीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत लिस्टेरिया नांवाच्या जंतूमुळें तेथें १४२ जणांस रोग झाला. त्यांपैकीं ९३ प्रसंग गर्भवती माता व त्यांचीं अर्भकें यांचे होते. २० बालकें उदरांतच गेलीं, १० जन्मल्यावर दगावलीं, आणि १८ मोठीं माणसेंही मृत्यु पावलीं. शोध करितां या साथीचें मूळ एका कारखान्याच्या चीजांत सांपडलें. तेथें तापविलेल्या दुधांत कच्चें दूध मिसळलें गेलें असावें, असा तपास करणारांचा निष्कर्ष झाला.

हा जंतु मातींत, चाऱ्यांत व गुरांच्या शेणांत आढळतो. त्याचे दोन गुण ध्यानांत ठेवावे. पहिला, उष्णतेनें तो मरतो. दूध ७२ अंश सेल्सिअसपर्यंत १५ सेकंद तापविलें तरी पुरे होतें, मग उकळीविषयीं बोलावयासच नको. दुसरा, थंडीनें तो मरत नाहीं. शीतकपाटांतही हळूहळू वाढतो. यास्तव पदार्थ थंड ठेविला म्हणजे निर्भय झाला, असें समजूं नये.

मातेस बहुधा थोडा ताप व अंगदुखी इतकेंच होतें, परंतु जंतु वारेच्या वाटेनें बालकापर्यंत पोहोंचतो. कधीं कधीं हें दुखणें पदार्थ खाल्ल्यावर कित्येक आठवड्यांनीं दिसूं लागतें. म्हणून गर्भवतीच्या तापास क्षुल्लक न मानितां तिला त्वरित डॉक्टरांकडे न्यावें, व कच्चें दूध किंवा मऊ चीज खाण्यांत आलें असल्यास तेंही सांगावें. या रोगावर औषध आहे. तें वेळेवर मिळालें पाहिजे.

आपल्या गांवांत धारोष्ण दूध पौष्टिक म्हणून वडील माणसें मोठ्या मायेनें गर्भवतीच्या हातीं देतात. ती माया तशीच राहो, परंतु दूध उकळूनच द्यावें. उकळलेल्या दुधाचें दहीं व ताक तिनें खुशाल घ्यावें. पनीर घरीं दूध उकळून, स्वच्छ हातांनीं व धुतलेल्या फडक्यांत करावें. बाजारांतून आणिलेलें असल्यास भाजींत चांगलें शिजवावें. पाश्चरीकृत दुधाचें कठीण चीज चालतें. मऊ, ओलसर किंवा बुरशी धरविलेलें विलायती चीज मात्र वाफ येईपर्यंत गरम केल्यावांचून खाऊं नये.

आणखी एक गोष्ट. लॉस एंजेलिसच्या त्या मातांनीं आपल्या घरचें रोजचेंच अन्न खाल्लें होतें. बालक गेलें असतां सुनेस बोल लावण्याची जी रीत कित्येक घरांत आहे, ती किती अन्यायाची आहे, हें यावरून उघड होतें. चुलीवर दूध उकळलें कीं नाहीं, हें पाहणें सगळ्या घराचें काम आहे.

घरीं विचारण्याचे प्रश्न :
१. थंड ठेविलेलें कच्चें दूध सुरक्षित कां नाहीं?
२. गर्भवतीस ताप आल्यास काय करावें?
३. आपल्या घरीं दूध कोण उकळतें, व किती?