दूरच्या ओळखी आणि नोकरीचा शोध

जबलपूर शहराच्या दक्षिणेस, नर्मदेच्या उत्तर तीरावर ग्वारीघाट आहे. घाटाच्या नावाचे एक रेल्वे स्थानकही आहे. गोंदियाहून बालाघाट, नैनपूर, घंसौर असा प्रवास करीत येणारी अडीच फुटी रुळांची गाडी जबलपुरात शिरण्यापूर्वी येथे थांबत असे. 2015 साली ही लहान गाडी बंद झाली व पुढे त्या मार्गावर ब्रॉडगेजचे रूळ आले. विदर्भ आणि जबलपूर यांचा संबंध मात्र रेल्वेहून जुना आहे. 1817 पर्यंत या प्रदेशावर नागपूरकर भोसल्यांची सत्ता होती आणि पुढे मध्य प्रांत झाल्यावर त्याचा कारभार 1956 पर्यंत नागपुराहूनच चाले. मराठी कुटुंबे येथे स्थायिक झाली ती या दीर्घ संबंधामुळेच.

जबलपुरात नोकरी म्हटली की पूर्वी रेल्वे, न्यायालय आणि तोफा-दारूगोळ्याचे सरकारी कारखाने डोळ्यांपुढे येत. गन कॅरेज फॅक्टरी 1904 सालची, खमरियाचा कारखाना 1942 सालचा आणि वाहनांचा कारखाना 1969 सालचा. भरती निघाल्याची वार्ता बहुधा घरातूनच कळे. काका कारखान्यात असत, मामा रेल्वेत असत आणि अर्ज कोठे द्यावयाचा हे तेच सांगत. मुंबईच्या कापडगिरण्यांत याच रीतीने टोक गाठले होते. तेथे जॉबर आपल्या गावची, आपल्या नात्याची माणसे कामावर लावी आणि त्याबद्दल त्यांच्याकडून पैसेही घेई. भारतातील कामगारांच्या स्थितीचा विचार करणाऱ्या शाही आयोगाने 1931 साली जॉबरच्या हातून भरतीचा अधिकार काढून घ्यावा असे सुचविले. सेवायोजन कार्यालये 1945 साली निघाली ती प्रथम युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी; नंतर ती सर्वांना खुली झाली. ओळखीवाचून नोकरी मिळावी हाच या सर्व खटाटोपामागील हेतू होता. परंतु ओळख काही हटली नाही.

ओळख का हटत नाही, याचा शोध अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी घेतला. मॅसॅच्युसेट्स राज्यातील न्यूटन या गावात नुकतीच नोकरी बदललेल्या 282 सुशिक्षित पुरुषांकडून त्यांनी माहिती मिळविली. सुमारे 56 टक्के लोकांना नोकरीची वार्ता ओळखीच्या माणसाकडून लागली होती. जाहिरात किंवा नोकरी मिळवून देणाऱ्या संस्था यांच्या मार्गाने आलेले त्यांच्या एकतृतीयांशच होते. यात नवल काही नाही. नवल पुढेच आहे. वार्ता देणारा माणूस किती वेळा भेटत असे, असे विचारता, वारंवार भेटणारा असे उत्तर 16.7 टक्क्यांनी दिले; अधूनमधून भेटणारा असे 55.6 टक्क्यांनी आणि क्वचित भेटणारा असे 27.8 टक्क्यांनी दिले. म्हणजे नोकरी मिळवून देणारा माणूस बहुधा मित्र नव्हताच, तो केवळ ओळखीचा होता. 1973 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात ग्रॅनोव्हेटर यांनी याचे कारण दिले आहे. ज्यांच्याशी आपली रोजची ऊठबस असते त्यांना जे ठाऊक असते ते आपणांसही ठाऊक असते. दूरची ओळख मात्र दुसऱ्या वर्तुळात वावरते, आणि तेथील वार्ता आपल्यापर्यंत आणणारा दुसरा दुवा नसतो.

मराठी वाचकाच्या मनात येथे 'वशिला' हा शब्द उभा राहिल्यावाचून राहणार नाही. दोहोंत भेद केला पाहिजे. वशिल्याने अपात्र माणूस पात्र माणसाच्या जागी बसतो. ओळखीने पात्र माणसाला जागा रिकामी आहे एवढे वेळेवर कळते. व्यवहारात ही सीमारेषा पुष्कळदा पुसट होते हे खरे. पण ती आहे, आणि शोध घेणाऱ्याने आपण तिच्या कोणत्या बाजूस उभे आहोत हे जाणून असावे.

व्यावसायिक संपर्काची संकेतस्थळे या दूरच्या ओळखींची वहीच मांडून ठेवतात. त्यांपैकी सर्वांत मोठे लिंक्डइन हे 2003 च्या मे महिन्यात सुरू झाले आणि 2016 साली मायक्रोसॉफ्टने 26.2 अब्ज डॉलरना ते विकत घेण्याचे जाहीर केले. भारतातील नौकरी डॉट कॉम हे त्याहून जुने, 1997 सालचे आहे; पण त्याचे मुख्य काम जाहिराती व अर्ज यांचे आहे. भारत सरकारनेही 2015 साली राष्ट्रीय करिअर सेवा हे संकेतस्थळ चालू करून सेवायोजन कार्यालयांचे काम संगणकावर आणले. लिंक्डइनवर मात्र कोण कोणाला ओळखतो हे दिसते. आपल्या ओळखीचा तो पहिल्या पायरीवर आणि त्याच्या ओळखीचा दुसऱ्या पायरीवर, अशी तेथील मांडणी असते.

ग्वारीघाटाजवळ राहणारी, जबलपूरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून नुकतीच पदवीधर झालेली एखादी मुलगी घ्यावी. घाटावर फुले-दिवे विकणाऱ्याची ती कन्या आहे असे समजू. तिच्या काकांपैकी कोणी कारखान्यात नाही, मामांपैकी कोणी कचेरीत नाही. वारशाने मिळणाऱ्या ओळखी तिच्यापाशी नाहीत. परंतु तिचे महाविद्यालय 1947 सालचे आहे, आणि तेथून बाहेर पडलेली माणसे पुणे, बंगळूर, हैदराबाद येथे कामे करीत आहेत. महाविद्यालयाच्या पानावर माजी विद्यार्थ्यांची यादी गावानुसार व कामानुसार पाहता येते. तिच्यासाठी संकेतस्थळाचा खरा उपयोग हा आहे. आलेल्या शंभर जाहिरातींवर एकच बायोडाटा पाठवीत बसण्यात तो नाही. त्या शंभर ठिकाणी तिच्यासारखेच असंख्य अर्ज जाऊन पडलेले असतात.

आरंभ स्वतःच्या पानापासून करावा लागतो. नोकरभरती करणारा माणूस तेथे शब्द घालून शोध घेतो; पदाचे नाव, अवगत असलेली कामे आणि ठिकाण यांचे. म्हणून नावाखालच्या ओळीत 'उत्साही, कष्टाळू, नोकरीच्या शोधात' असे लिहिणे व्यर्थ आहे, कारण या शब्दांनी कोणी शोध घेत नाही. आपण कोणते काम करू शकतो ते त्या धंद्यातील रूढ शब्दांत लिहावे. ठिकाणाच्या बाबतीत अनेकांची फसगत होते. केवळ जबलपूर लिहिणारी व्यक्ती पुण्यातील जागेसाठी चाललेल्या शोधात सापडेलच असे नाही. कामासाठी कोणकोणत्या शहरांत जाण्याची तयारी आहे हे नोंदविण्याची सोय तेथे आहे, ती वापरावी. आपण नोकरी शोधीत आहोत ही नोंद सर्वांना दिसेल अशी किंवा केवळ भरती करणाऱ्यांना दिसेल अशी ठेवता येते. नोकरीत असताना दुसरी शोधणाऱ्याने दुसरा पर्याय घ्यावा. तरीही आपल्या वरिष्ठांना ती कळणारच नाही याची पूर्ण हमी नसते.

त्यानंतर माणसांना लिहावयाचे. येथे संकोच आड येतो. अनोळखी माणसाकडे नोकरी मागणे हे याचना वाटते, आणि तशा भाषेत लिहिले तर ते याचनाच होते. त्याऐवजी चार ओळी पुरतात: "नमस्कार सर. मी आपल्याच महाविद्यालयातून यंदा पदवी घेतली. आपण ज्या विभागात काम करता त्यात नवशिक्याकडून प्रथम कोणत्या गोष्टींची अपेक्षा असते, हे आपणांकडून समजून घ्यावयाचे आहे. सवड होईल तेव्हा दोन ओळी लिहाव्यात." माहिती मागितली तर देणाऱ्यास अवघड जात नाही. पुष्कळ जण उत्तर देणार नाहीत. जे देतील त्यांच्यापैकी एखाद्याला महिन्यादोन महिन्यांनी आपल्या कचेरीत जागा निघाल्यावर ही मुलगी आठवेल. अनेक कंपन्यांत कर्मचाऱ्याने सुचविलेले नाव निराळे पाहिले जाते. जागा निघण्यापूर्वी ओळख झालेली असली, तरच वेळ वाचतो.

कोणती ओळख अधिक फळते याचीही परीक्षा झाली आहे. 2015 ते 2019 या काळात लिंक्डइनने सुमारे 2 कोटी सभासदांना नव्या ओळखी सुचविण्याची रीत निरनिराळी ठेवून पाहिली. त्याचे निष्कर्ष 2022 साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सभासदांना या प्रयोगाची वेगळी कल्पना दिलेली नव्हती, व त्यावर टीकाही झाली. ती अनाठायी नव्हती. निष्कर्ष असा की, निकटची ओळख नोकरी बदलण्यास कमी उपयोगी पडते, अगदीच पुसट ओळखही फारशी पडत नाही. मध्यम दूर अंतरावरची, काही मोजके समान परिचित असणारी ओळख सर्वाधिक उपयोगी पडते. तेव्हा हजार अपरिचितांना सरसकट निमंत्रणे धाडण्यात अर्थ नाही. महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांचा मार्ग चांगला का, तेही यावरून कळते.

अपरिचितांच्या या गर्दीत ठगही असतात. नोकरीचे पत्र पाठवून नोंदणी, प्रशिक्षण किंवा अनामत रक्कम या नावाखाली पैसे मागणारा माणूस नोकरी देणारा नसतो, मग पत्रावर कोणत्याही कंपनीची मुद्रा असो. खरा मालक पगार देतो, घेत नाही. फुले विकून साठविलेले पैसे अशा ठिकाणी गेले तर कुटुंबाचे वर्ष वाया जाते. पैसे गेलेच तर 1930 या क्रमांकावर तत्काळ कळवावे. जितका उशीर, तितकी ती रक्कम अडविण्याची शक्यता कमी.

त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट आढळली, तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. संगणकावर अधिक चालणाऱ्या उद्योगांत दूरच्या ओळखी उपयोगी पडल्या. जेथे काम संगणकावर फारसे चालत नाही तेथे निकटच्या ओळखींनीच अधिक नोकऱ्या मिळाल्या. जबलपूरला हे विशेष लागू पडावे. शस्त्रास्त्रांचे कारखाने 2021 साली सरकारी कंपन्यांकडे गेले, तरी तेथील कायम भरती जाहिरात व परीक्षा यांनीच होते. संकेतस्थळावरील ओळख तेथे जाहिरातीची तारीख कळण्यापुरती कामाची. आणि आयटीआयमधून फिटर होऊन बाहेर पडलेल्या मुलाला रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत काम हवे असेल, तर रोज सकाळी सायकलवरून त्या फाटकात शिरणाऱ्या शेजाऱ्याला विचारणे हाच अजूनही जवळचा रस्ता आहे.