पोपट बोलतो थोडे, सांगतो पुष्कळ



अर्थ न समजता पाठ केलेले बोलणाऱ्याला आपण ‘पोपटपंची करतो’ असे म्हणतो. पण माणसाने शिकवलेले चार शब्द ही पोपटाची खरी भाषा नव्हे. त्याची खरी भाषा डोळ्यांत, पिसांत, शेपटीत, चोचीत आणि पायांत असते. ती न कळल्यामुळे तिहेरी नुकसान होते. पक्षी मुकाट्याने हाल सोसतो, घरातल्या माणसांना त्याच्यापासून आजार होऊ शकतो आणि शेतावर बसलेला थवा आपल्याला हाकलता येत नाही. म्हणून या वेळचा धडा आम्ही पोपटावर घेतला आहे.

१. आपल्याकडचा पोपट

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत त्याला राघू किंवा मिठू म्हणतात, शेजारचे हिंदी भाषक तोता म्हणतात. आपल्या भागात सर्वांत जास्त दिसणारा तो हिरवा, लाल चोचीचा, लांब शेपटीचा पोपट. शेपटीसकट तो सुमारे ४० सेंटिमीटर भरतो. नराच्या गळ्याभोवती काळी-गुलाबी कंठी असते. ती सुमारे तिसऱ्या वर्षी उमटते. मादीला आणि लहान पिल्लांना अशी ठळक कंठी नसते. म्हणून ‘कंठी नाही म्हणजे मादीच’ असे लगेच ठरवू नये.

हा पक्षी झाडाच्या ढोलीत आणि जुन्या वास्तूंच्या भिंतींतील भोकांत घरटे करतो. उत्तर हिंदुस्थानात हिवाळा सरता सरता वीण सुरू होते. पिल्ले सुमारे सहा-सात आठवडे ढोलीत असतात. नेमकी याच वेळी ती चोरून काढली जातात आणि बाजारात येतात. एक पिल्लू हातात येते तेव्हा वाटेत किती मेली असतील, ते विकत घेणाऱ्याला दिसत नाही.

पोपट थव्याने राहणारा आहे. एकत्र चरतो, एकत्र ओरडतो, संध्याकाळी शेकड्यांनी एकाच ठिकाणी वस्तीला येतो. थव्यातले आवाज ऐकून शिकणे हा त्याचा स्वभाव. एकट्या पिंजऱ्यात घातले की माणूसच त्याचा थवा होतो, आणि म्हणून तो माणसाचे आवाज उचलतो. तेव्हा त्याचे बोलणे म्हणजे सोबतीची मागणी आहे, हे ओळखावे.

२. आधी कायदा जाणून घ्या

आपल्या देशातले रानपोपट वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. त्यांना पकडणे, विकणे, विकत घेणे आणि पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे व त्यास कैद आणि दंड होऊ शकतो. ‘आजोबांच्या वेळेपासून आमच्याकडे राघू असतो’ हे कारण कायद्यापुढे चालत नाही.

ज्यांच्या घरी असा पोपट आज आहे, त्यांनी घाईने पिंजऱ्याचे दार उघडून त्याला उडवून देऊ नये. लहानपणापासून पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याला अन्न शोधता येत नाही, पंखांत बळ नसते, आणि मांजर किंवा कावळे त्याला संपवतात. वनखात्याच्या कार्यालयाशी बोलून त्यांच्या सांगण्याप्रमाणे पक्षी त्यांच्या स्वाधीन करावा.

बजरीगर, कॉकाटील यांसारखे परदेशी पक्षी काही घरांत पाळतात. इतर अनेक परदेशी पोपटांची २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारदरबारी नोंद करावी लागते. खाली दिलेल्या बहुतेक खुणा या पाळीव परदेशी पक्ष्यांनाही लागू पडतात.

३. अंगाची भाषा कशी वाचावी

पहिला नियम असा की एकाच खुणेवरून निष्कर्ष काढू नये. डोळे, पिसे, शेपटी आणि उभे राहण्याची ढब एकत्र पाहावी.

डोळे: बुबुळाच्या मधला काळा ठिपका भराभर लहान-मोठा होऊ लागला की पक्षी उत्तेजित झालेला असतो. ही उत्तेजना आनंदाची असेल किंवा रागाचीही. पिसे सैल असतील तर आनंद. शेपटी पंख्यासारखी फुलली असेल, मान पुढे ताणली असेल व चोच उघडी असेल तर राग. अशा वेळी बोट पुढे केले की चावा ठरलेला. मग आपण म्हणतो, पोपट अचानक चावला. वस्तुतः त्याने आधी तीन वेळा बजावलेले असते.

पिसे: पिसे अंगाला घट्ट चिकटवून, मान उंच करून, सडसडीत होऊन उभा राहिला तर तो भ्यालेला आहे. अंग क्षणभर फुलवून झाडले आणि पुन्हा नीट झाला, तर तो स्वस्थ आहे. पिसे तासन्‌तास फुललेली राहिली तर मात्र सावध व्हावे. त्याबद्दल पुढे सांगतो.

पाय आणि चोच: एक पाय पोटाशी घेऊन, चोच हळूहळू घासत बसला असेल तर तो समाधानाने झोपेला आला आहे. चोच हा त्याचा तिसरा हात आहे. नव्या दांडीवर चढताना तो आधी चोचीने चाचपून पाहतो. मुलांना वाटते तो चावतो आहे, आणि ती हात झटकन मागे घेतात. मग पक्षी धडपडतो आणि पुढच्या वेळी खरोखरच चावतो.

पंख: उन्हाळ्यात पंख अंगापासून दूर धरून, चोच उघडी ठेवून धापा टाकत असेल तर त्याला ऊन लागते आहे. ग्वाल्हेरला मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा दिवसांत पत्र्याखाली टांगलेला पिंजरा म्हणजे भट्टीच. त्याला ताबडतोब सावलीत, वाऱ्याच्या जागी न्यावे आणि प्यायला थंड पाणी द्यावे.

‘नाच’: नर पंख थोडे पसरून, मान मागेपुढे करून डोलतो, तेव्हा तो मादीला रिझवत असतो. पण तासन्‌तास एकाच लयीत डोलणे, दांडीवर इकडून तिकडे येरझारा घालणे, स्वतःचीच पिसे उपटणे हा नाच नव्हे. बहुधा तो एकटेपणा आणि कोंडमारा असतो, कधी कातडीचा आजारही असतो. पाहुण्यांना कौतुकाने दाखवला जाणारा असा ‘नाच’ पुष्कळदा कैद्याच्या येरझारा असतात.

४. आजारी पोपट

राजाच्या लाडक्या पोपटाची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. पोपट चोच उघडत नाही, डोळे उघडत नाही, खात नाही, पीत नाही असे सगळे सांगतात, पण मेला असे म्हणायला कोणी धजत नाही. आपल्या घरांत उलटे होते. बोलायची भीती नसते, पण खुणाच कोणी पाहिलेल्या नसतात.

रानात अशक्त दिसणाऱ्या पक्ष्याला शिकारी आधी गाठतो. म्हणून पोपट आजार शेवटपर्यंत लपवतो. तो उघड आजारी दिसू लागला म्हणजे आजार बराच पुढे गेलेला असतो. पुढील खुणा रोज पाहाव्यात:

• भर दुपारी, उबेतही, पिसे फुलवून व डोळे अर्धवट मिटून बसणे. (जानेवारीच्या थंड सकाळी पिसे फुलवणे स्वाभाविक आहे. ऊन पडल्यावर तो हालचाल करू लागला तर काळजी नको.)
• स्वस्थ बसलेला असतानाही प्रत्येक श्वासाबरोबर शेपटी खालीवर होणे. हे श्वासाच्या त्रासाचे लक्षण आहे.
• दांडी सोडून पिंजऱ्याच्या तळाशी बसणे.
• छातीचे हाड हाताला धारदार लागणे.
• विष्ठेत बदल होणे. निरोगी विष्ठेत हिरवा घट्ट भाग, पांढरा भाग आणि थोडे पाणी असे तीन भाग दिसतात. ती सतत पातळ, पिवळट-हिरवी किंवा रक्तमिश्रित झाली तर गुरांच्या डॉक्टरांना दाखवावे.

खाण्याविषयी एक गोष्ट. पोपट मिरची आवडीने खातो, कारण पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवत नाही. पण नुसती मिरची आणि भिजवलेली डाळ हे पुरे अन्न नव्हे. पालेभाजी, गाजर आणि फळे रोज हवीत. तळलेले, खारट पदार्थ व चहा देऊ नये. चॉकलेट आणि ॲव्होकॅडो हे तर त्याला विषच. पिंजरा चुलीच्या धुरात ठेवू नये. नॉनस्टिक तवा रिकामा तापला तर त्याच्या वाफेनेही पक्षी मरतो.

५. माणसाला होणारा ताप

पोपट, कबुतरे, बदके यांच्यापासून माणसाला सिटॅकोसिस नावाचा ताप येऊ शकतो. क्लॅमिडिया सिटासी नावाचे जंतू पक्ष्याच्या विष्ठेत आणि नाकातल्या स्रावात असतात. विष्ठा वाळली की तिची धूळ श्वासातून आत जाते. पक्षी वरून धडधाकट दिसत असला तरी जंतू पसरवू शकतो. १९२९-३० साली विकत आणलेल्या पोपटांमधून हा रोग युरोप-अमेरिकेत अनेक ठिकाणी पसरला आणि माणसे दगावली.

बहुधा पाच ते चौदा दिवसांत थंडी वाजून ताप, जोराची डोकेदुखी, अंगदुखी आणि कोरडा खोकला सुरू होतो. पुढे न्यूमोनिया होऊ शकतो. वेळीच ओळखला तर योग्य प्रतिजैविकाने हा रोग बरा होतो. पण डॉक्टरांना घरातल्या पक्ष्याबद्दल कोणी सांगितलेच नाही तर त्यांच्या मनात हा रोग येणार कसा? म्हणून असा ताप आल्यास ‘आमच्या घरी पक्षी आहेत’ हे आपण होऊन सांगावे. स्वतःच्या मनाने गोळ्या घेऊ नयेत.

पिंजरा कोरडा झाडू नये. आधी पाणी शिंपडून, नाकातोंडावर फडके बांधून साफ करावा व साबणाने हात धुवावेत. तोंडातला घास पोपटाला भरवू नये. लहान मुले आणि वृद्ध जिथे झोपतात त्या खोलीत पिंजरा नसावा.

६. शेतातला थवा

बाजरीच्या कणसात दाणा भरू लागला, मोहरीच्या शेंगा धरल्या, पेरू पिकायला आला की थवा येतो. सकाळी आणि दुपार कलल्यावर त्याचा जोर असतो. इथेही अंगाची भाषा उपयोगी पडते. पक्षी माना ताठ करून, पिसे आवळून बसले असतील तर ते बिचकलेले आहेत व थोड्या आवाजाने उडतील. खाली मान घालून किलबिलाट करत खात असतील तर बुजगावण्याची भीती त्यांच्या मनातून गेली असे समजावे.

म्हणून बुजगावणे तीन-चार दिवसांनी हलवावे, त्याचे कपडे बदलावेत. चमकणाऱ्या पट्ट्या, डबा वाजवणे, राखण बसणे हे उपाय आलटून पालटून करावेत. पेरूच्या फळांना पिशव्या बांधाव्यात. शेजाऱ्यांनी मिळून एकाच सुमारास पेरणी करावी, कारण एकटे आणि लवकर पिकलेले शेत सर्वांत जास्त मार खाते. विषारी दाणे टाकू नयेत. तो गुन्हा आहे, आणि त्याने आपल्या कोंबड्या आणि गुरेही मरतात.

७. शास्त्र काय शिकवते

अनुवाद ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात देवाने आपल्या प्रजेला घरट्याविषयीही नियम दिला. पिल्लांवर किंवा अंड्यांवर बसलेली आई नेऊ नये, तिला सोडून द्यावे. प्रभू येशूनेही सांगितले की बाजारात अगदी थोड्या किमतीला विकली जाणारी चिमणीसुद्धा पित्याच्या नजरेआड नाही. ज्याची किंमत बाजाराने कमी लावली, त्याच्याकडे देव लक्ष देतो. मुक्या जीवाच्या खुणा पाहायला शिकलेला माणूस घरातल्या न बोलणाऱ्या आजीच्या, रुसलेल्या मुलाच्या आणि संकोची शेजाऱ्याच्या खुणाही लवकर ओळखतो. ही सवय घराघरांत लागावी, एवढीच आमची इच्छा.

लहान समूहांत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वाडीत पिंजऱ्यात रानपोपट आहेत काय? वनखात्याकडे जायला त्या कुटुंबाला सोबत कोण करील?
२. पक्षी किंवा कोंबड्या पाळणाऱ्या कोणाच्या घरी खोकला-ताप रेंगाळला आहे काय? त्यांनी डॉक्टरांना पक्ष्यांबद्दल सांगितले का?
३. या हंगामात राखणीच्या पाळ्या शेजारी-शेजारी मिळून कशा लावता येतील?